फिजीच्या मुली, नवा टीव्ही आणि माझी एक्सेल शीट

(ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना घसरलेली काही वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

कसे आहात? जेवलात का?

हा दुसरा प्रश्न उगाच विचारलेला नाही. आजचा अख्खा भाग त्या एका प्रश्नाभोवती आहे.

सुरू करण्याआधी एक सूचना. आज मी खाण्याच्या आजारांबद्दल, म्हणजे ईटिंग डिसऑर्डर्सबद्दल बोलणार आहे. तुम्ही स्वतः सध्या त्यातून जात असाल तर घाई नाही, सवडीने ऐका, नाहीतर सोडून द्या. कुणाचं वजन किती होतं, कुणी किती कॅलरी खाल्ल्या, असले आकडे मी मुद्दाम सांगणार नाहीये. का, ते पुढे कळेल.

चला.

या जेवायला!

माझी आजी कराडजवळच्या एका गावात राहते. तिच्या घरी ओट्यावर कुणी जेवत असेल आणि रस्त्यावरून ओळखीचं माणूस चाललं असेल, तर हातातला घास तसाच ठेवून हाक जाते, "या जेवायला!" समोरचा हात वर करून म्हणतो, "होऊ द्या, होऊ द्या," आणि पुढे जातो. तो येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. पण हाक मारायची राहिली, तर ते चुकल्यासारखं वाटतं.

आता इथून हजारो किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरात फिजी नावाचा देश आहे. तीनशेहून जास्त बेटं. आपल्याला फिजी माहीत असतो तो गिरमिटियांमुळे, १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी साठ हजारांच्या आसपास भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर नेले त्यामुळे. पण आजची गोष्ट फिजीच्या मूळ रहिवाशांची, इतौकेई लोकांची आहे. त्यांच्या गावातही जेवताना दारावरून कुणी गेलं की आतून हाक येते, "माई काना!" अर्थ तोच. ये, जेव.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग पुढचं वाचत गेले आणि हसू थांबलं.

अ‍ॅन बेकर नावाच्या एक अमेरिकन संशोधक आहेत. मानववंशशास्त्रज्ञही आणि मानसोपचारतज्ज्ञही. त्या १९८० च्या दशकापासून फिजीत जात होत्या. विती लेवू हे तिथलं सगळ्यात मोठं बेट, आणि त्याच्या नैऋत्येला नांद्रोंगा नावाचा भाग. बेकर यांनी तिथल्या गावांत राहून बघितलं की लोक शरीराकडे कसं बघतात.

त्यांना काय दिसलं? अंगाने भरलेलं, दणकट शरीर तिथे छान समजलं जायचं. एखादी मुलगी बारीक झाली की लोक काळजीत पडायचे. पण काळजीची दिशा आपल्याला वाटते तशी नव्हती. प्रश्न "हिला काय झालं?" एवढ्यावर थांबत नव्हता. प्रश्न असायचा, "हिच्या घरचे हिच्याकडे बघत नाहीत का? गावाने हिला वाऱ्यावर सोडलं का?" माणसाचं अंग ही त्याच्या घरच्यांनी, गावाने त्याची किती काळजी घेतली याची जणू वहीच. भूक मेली तर त्याला तिथे आजाराचं नाव होतं, 'माधाके'. मग घरचे जडीबुटीचा काढा करून पाजायचे, म्हणजे पोरगी परत जेवायला लागेल.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्याकडे "खात्यापित्या घरची दिसते" हे कौतुक होतं. बाळ "बाळसं धरतं" ते चांगलं. सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या. आणि सून माहेरी बारीक होऊन आली की सासरच्यांचा उद्धार व्हायचा.

मला एक गोष्ट इथेच स्पष्ट करायची आहे. "पूर्वी सगळं छान होतं" असं मी म्हणत नाहीये. भरलेलं अंग हवं, हाही एक मापदंडच. बारीक मुलींना त्याचा त्रास होत असणारच. फरक दुसरीकडे आहे. बेकर यांचा मुद्दा असा की तिथल्या बाईला आपलं शरीर हा स्वतः घडवायचा 'प्रोजेक्ट' वाटतच नव्हता. ते जसं आहे तसं आहे. त्याची काळजी सगळ्यांनी मिळून घ्यायची. मी एकटीने आरशासमोर उभं राहून त्याच्यावर काम करत बसायचं, ही कल्पनाच नव्हती.

१९९० च्या आधी फिजीत अ‍ॅनोरेक्सियाची नोंद झालेली केस बेकर यांना एकच सापडली होती.

१९९५: सिग्नल आला

टीव्ही फिजीत उशिरा आला. नांद्रोंगात तो पोचला १९९५ मध्ये. विचार करा, आपल्याकडे तेव्हा 'रामायण', 'महाभारत' होऊन गेलं होतं, झी टीव्ही सुरू होऊन तीन वर्षं होत आली होती, आणि सुष्मिता सेन, ऐश्वर्या राय यांना मुकुट मिळून वर्ष उलटत होतं.

नांद्रोंगातल्या टीव्हीवर बरंचसं बाहेरचंच लागायचं. अमेरिकेची 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०', न्यूझीलंडची 'शॉर्टलँड स्ट्रीट', तलवार घेऊन लढणारी 'झीना'. बारीक, उंच, चकचकीत माणसं. त्यांची घरं मोठी, नोकऱ्या मस्त, कपडे भारी.

बेकर यांनी इथे एक चतुर गोष्ट केली. सिग्नल आल्यावर काही आठवड्यांतच त्यांनी तिथल्या माध्यमिक शाळेतल्या ६३ मुलींना एक प्रश्नावली दिली. मुली साधारण सतरा वर्षांच्या. खाणं आणि वजन यांबद्दल डोक्यात काय चालतं हे तपासणारे २६ प्रश्न, आणि वीसच्या वर स्कोअर गेला की धोक्याची घंटा. मग तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच भागातल्या त्याच वयाच्या दुसऱ्या ६५ मुलींना तीच प्रश्नावली दिली. याला आम्ही 'बिफोर-आफ्टर' म्हणतो. कोड डिप्लॉय करण्याआधीचा लॉग आणि नंतरचा लॉग.

१९९५ मध्ये धोक्याच्या रेषेवर गेलेल्या मुली १२.७ टक्के. १९९८ मध्ये २९.२ टक्के.

वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली १९९५ मध्ये शून्य. एकही नाही. १९९८ मध्ये ११.३ टक्के.

आणि १९९८ च्या मुलींपैकी ७४ टक्के म्हणाल्या की आपण जाड आहोत किंवा फार मोठ्या आहोत असं निदान कधीतरी वाटतं. ज्या गावात "बारीक झालीस गं" हे ऐकून आईच्या पोटात गोळा यायचा, त्या गावात. तीन वर्षांत.

हा अभ्यास २००२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये आला आणि तेव्हापासून "टीव्हीने फिजीच्या मुलींना आजारी पाडलं" अशा मथळ्याखाली फिरतोय. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे असला मथळा दिसला की आधी हात आखडते. तर प्रामाणिकपणे बघूया. सॅम्पल लहान आहे, साठ-पासष्ट मुली. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या. प्रश्नावली म्हणजे डॉक्टरांचं निदान नव्हे. आणि त्याच काळात तिथे रोख पैशांची नोकरी, पर्यटन, शहरात जाणं हे सगळंही वाढत होतं. म्हणजे फक्त टीव्हीच बदलला आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं, असं नाही. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्या मुलींमध्ये धोक्याचा स्कोअर जास्त सापडला, हे खरं. पण टीव्ही घेणारी घरं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात.

पण बेकर नुसते आकडे घेऊन परत गेल्या नाहीत. त्या मुलींशी बोलल्या. आणि माझ्या मते या अभ्यासातली खरी गोष्ट टक्क्यांत नाहीये, त्या बोलण्यात आहे.

त्यांना सुंदर दिसायचं होतं, की नोकरी हवी होती?

आपल्याला वाटतं, मुलींनी टीव्हीवरच्या सुंदर बायका बघितल्या, त्यांना तसं दिसावंसं वाटलं, नट्टापट्टा, मिरवणं, झालं. मुली म्हटल्यावर असंच समजायची आपल्याला सवय आहे.

मुलींनी सांगितलेलं कारण बऱ्याचदा वेगळं होतं. टीव्हीवरच्या बायका बाहेर पडतात, काम करतात, स्वतःचे निर्णय घेतात. झीना तर राक्षसांना लोळवते. आणि या सगळ्या बायका बारीक आहेत. मग मुलींनी सरळ गणित मांडलं, बारीक झालं तर तसं आयुष्य मिळेल. काहींना एअर होस्टेस व्हायचं होतं. काहींना वाटत होतं, आपण जड आहोत म्हणून आळशी दिसतो, बारीक झालो तर जास्त काम करू शकू, घरच्यांच्याही उपयोगी पडू. त्यांच्या आयांना शहरातल्या नोकरीचा मार्ग सांगता येत नव्हता, कारण त्या स्वतः त्या मार्गाने गेलेल्या नव्हत्या. मार्ग दाखवणारं घरात एकच होतं, कोपऱ्यातला तो डबा.

म्हणजे ही पोरं बावळट नव्हती. त्या महत्त्वाकांक्षी होत्या. नव्या जगात शिरायला काय लागतं हे त्यांनी पडद्यावर बघून ताडलं, आणि पडद्यावर जी एकच अट सगळ्यांना सारखी दिसत होती ती पूर्ण करायला घेतली.

हे वाचताना मी लॅपटॉप बंद केला होता. कारण हे गणित मी स्वतः मांडलेलं आहे.

माझी शीट

बी.टेक.चं तिसरं वर्ष. कॉलेजने प्लेसमेंटच्या आधी एक ग्रूमिंग सेशन ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या ट्रेनरने रेझ्युमे कसा लिहायचा, हात कसा मिळवायचा, हे सगळं शिकवलं. मग म्हणाले, इंटरव्ह्यूमध्ये पहिल्या मिनिटात तुमची शिस्त दिसते. ज्याला स्वतःचं शरीर मॅनेज करता येत नाही तो प्रोजेक्ट काय मॅनेज करणार? सगळे हसले. मीही हसले. माझ्याकडे बघून म्हणाले होते का? नसतीलही. पण मला तसं वाटलं.

त्या रात्री मी एक्सेल शीट उघडली. तारीख, वजन, काय खाल्लं. मी डेटावाली पोरगी, मला आवडतंच ते. पहिल्या महिन्यात ग्राफ खाली गेला आणि कौतुक सुरू झालं. मैत्रिणी म्हणाल्या, "काय करतेस गं? सांग ना!" मावशी म्हणाली, "आता स्थळं बघायला हरकत नाही." एका सरांनी वर्गात माझं उदाहरण दिलं, डेडिकेशन म्हणून. पुढे मेसचं ताट आणायचं आणि तसंच परत ठेवायचं, असं सुरू झालं. मग मैत्रिणीच्या वाढदिवसाला न जाणं, कारण तिथे केक असणार. केस गळायला लागले. मे महिन्यात मला थंडी वाजायची. पाळी बंद झाली आणि मी ते सोयीचंच मानलं.

या सगळ्यात एकही माणूस म्हणालं नाही की तू आजारी आहेस. कारण आजार आणि शिस्त बाहेरून हुबेहूब सारखे दिसत होते.

एक माणूस म्हणालं. दिवाळीत गावी गेले तर आजीने माझा दंड हातात धरला आणि म्हणाली, "अगं ए, काटकी झालीस की नुसती. तुला तिथं खायला घालत न्हाईत का? लोक म्हणतील घरच्यांचं लक्ष न्हाई." मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, "आजी, तुला काही कळत नाही, हे हेल्दी असतं." ती गप्प बसली. रात्री माझ्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून निघून गेली. मी तो कागदात गुंडाळून टाकून दिला.

नांद्रोंगाच्या आयांनीही असंच काहीतरी सांगितलं असणार, आणि मुलींनी असंच काहीतरी तोंडावर फेकलं असणार. खाण्यावरून आई-मुलीत पडलेली ही दरी बेकर यांनी नोंदवलेली आहे.

डोकं बिघडतं ते भुकेने

इथे एक प्रश्न येतो, आणि मला तो घरच्यांनीही विचारला होता. ठीक आहे, बारीक व्हायचं होतं, झालीस. मग थांबली का नाहीस?

याचं उत्तर शोधताना मी १९४४ मध्ये जाऊन पोचले. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, युरोपात लाखो लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा खायला घालायचं तर ते कसं, हे अमेरिकेला समजून घ्यायचं होतं. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुण पुरुष घेतले. तत्त्वासाठी बंदूक हातात घ्यायला नकार दिलेली ही मुलं, स्वतःहून आलेली. निवडताना तब्येत आणि मन दोन्ही ठणठणीत आहे हे तपासलेलं. मग त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव हिस्सा उतरलं.

यांना कुणी सुंदर हो म्हणून सांगितलं नव्हतं. समोर टीव्ही नव्हता, इन्स्टा नव्हतं. तरी काय झालं बघा. ते दिवसभर खाण्याचाच विचार करायला लागले. पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले. एक जेवण तास-दोन तास पुरवून खायला लागले. चिडचिड, उदासी, थंडी वाजणं, माणसं नकोशी होणं. आणि प्रयोग संपल्यावर काही जण महिनोन्‌महिने पोट फुटेस्तोवर खात राहिले, तरी भूक भागेना. हे सगळं १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापून आलं.

मला वाटत होतं की मी मनाने कमकुवत आहे म्हणून सारखं खाण्याबद्दल विचार करते. मिनेसोटाची गोष्ट वाचल्यावर कळलं की उपाशी मेंदू असंच वागतो, कुणाचाही.

म्हणजे साखळी अशी आहे. समाज एक माप लावतो. त्या मापात बसायला माणूस खाणं तोडतो. आणि मग भूक स्वतःच डोक्याचा ताबा घेते. बाहेरचं माप फक्त दार उघडून देतं. आत गेल्यावर बाहेर यायचं दार आतून सापडत नाही.

मग सगळा दोष सौंदर्याच्या मापाचाच?

नाही. इथे दुसरी बाजू सांगायलाच हवी.

'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३-७४ मध्ये दिलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनीही असेच रुग्ण नोंदवले. तेव्हा टीव्ही तर नव्हताच, सिनेमाही नव्हता. अन्न सोडणाऱ्या मुली त्याही आधी होत्या. आणि आज जुळ्यांच्या अभ्यासांवरून आपल्याला माहीत आहे की या आजारात आनुवंशिकतेचाही मोठा वाटा असतो. म्हणून तर एकाच वर्गातल्या चाळीस मुली तेच रील बघतात आणि आजारी एक-दोनच पडतात.

हाँगकाँगमध्ये सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९३ मध्ये एक विलक्षण गोष्ट मांडली. त्यांच्याकडच्या अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणींना जाड होण्याची भीती नव्हतीच. त्या सांगायच्या, पोट भरल्यासारखं वाटतं, भूक नाही. पुढे पाश्चात्त्य धर्तीवरचं डाएटिंग आणि या आजाराच्या बातम्या तिथे पसरल्या, तशा "मला जाड व्हायचं नाहीये" असं सांगणाऱ्या रुग्ण वाढत गेल्या.

म्हणजे आजाराचं बी आधीपासून असू शकतं. समाजाचं माप त्याला खतपाणी घालतं, त्याला कारण पुरवतं, भाषा पुरवते. आणि माझ्या अनुभवाने मी एक भर घालेन, त्याला शाबासकी पुरवतं. मला ताप आला असता तर मैत्रिणींनी "कसा काय आणलास, सांग ना" असं विचारलं असतं का? हा बहुधा एकच आजार असेल ज्यात लोक रुग्णाकडे रेसिपी मागतात.

आता टीव्ही खिशात आहे

फिजीची गोष्ट १९९८ मध्ये संपली नाही. बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ५२३ शाळकरी मुलींचा मोठा अभ्यास केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी असं विचारलं की मुलगी स्वतः किती टीव्ही, व्हिडिओ बघते, आणि तिच्या मैत्रिणी किती बघतात. निष्कर्ष असा, की आजाराच्या लक्षणांशी जास्त घट्ट नातं निघालं ते मैत्रिणींच्या बघण्याचं.

हे दोनदा वाचा. तुमच्या हातात काय आहे यापेक्षा तुमच्या ग्रुपमध्ये काय फिरतंय, ते जास्त महत्त्वाचं. नांद्रोंगात टीव्ही नसलेल्या घरातली मुलगीही सुटली नाही, कारण तो बघून आलेल्या मैत्रिणी शाळेत शेजारी बसत होत्या. तेव्हा "मी इन्स्टा डिलीट केलं" हे चांगलंच आहे, पण पुरेसं नाही. हॉस्टेलच्या रूममध्ये काय बोललं जातं, फॅमिली ग्रुपवर कुणाच्या फोटोखाली काय लिहिलं जातं, तेही मीडियाच आहे.

आणि फोनचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. त्यात कंपनीच्याच संशोधनातली एक ओळ होती. शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटलं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुली म्हणाल्या. कंपनीने म्हटलं की आकड्यांचा अर्थ चुकीचा लावला गेलाय. असेलही. पण मी याच धंद्यातली आहे, आणि फीड कसं काम करतं हे मला माहीत आहे. झीना आठवड्यातून एकदा यायची आणि सगळ्यांना सारखीच दिसायची. फीड तुम्ही कुठे दोन सेकंद जास्त थांबलात ते बघतं. त्याला हे कळत नाही की तुम्ही आवडलं म्हणून थांबलात, की जिव्हारी लागलं म्हणून. त्याच्या लेखी दोन्ही एकच, एंगेजमेंट. मग ते तुम्हाला तसलंच आणखी दाखवतं.

आणि मुलांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. सिक्स पॅकच्या रील्स, "कटिंग" आणि "बल्किंग"च्या गप्पा, जिमच्या आरशातले फोटो, हे तुमचं बेव्हर्ली हिल्स आहे. मिनेसोटातले ३६ जण पुरुषच होते, विसरू नका.

शेवटचं

माझं काय झालं? चौथ्या वर्षात लॅबमध्ये चक्कर येऊन पडले. रूममेटने घरी फोन केला. मी चिडले होते तिच्यावर, आज तिचे उपकार मानते. मग पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक, असं दीड वर्ष चाललं. मधे दोनदा घसरले. पहिली गोष्ट त्यांनी काय करायला लावली असेल? शीट डिलीट. मला कोडिंग राउंडपेक्षा ते अवघड गेलं. म्हणूनच आज सुरुवातीला म्हटलं की आकडे सांगणार नाही. कुणीतरी ते स्वतःच्या शीटमध्ये टार्गेट म्हणून लिहील, हे मला माहीत आहे. मी लिहिले होते.

आणि हो, नोकरी लागली. इंटरव्ह्यूमध्ये मला लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगितली होती. माझ्या दंडाचा घेर कुणी विचारला नाही.

आता तुमच्यासाठी तीनच गोष्टी. कुणी बारीक झालेलं दिसलं तर "वा, काय केलंस?" असं पटकन म्हणू नका, "सुटलीस की" असंही नको. "कशी आहेस?" पुरतं. दुसरं, कुणी ग्रुपमधून जेवणाच्या वेळी सारखं गायब होत असेल, खाण्याचे नियम दिवसेंदिवस कडक करत असेल, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जात असेल, सारखी थंडी वाजत असेल, चक्कर येत असेल, तर त्याला शिस्त समजू नका. एकट्यात, न रागावता विचारा, आणि डॉक्टरांकडे सोबत चला. तिसरं, कुणाशी बोलायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

परवा गावी गेले होते. आजी आता फारशी चालत नाही, ओट्यावरच बसून असते. मी गाडीतून उतरायच्या आधीच तिने हाक मारली, "ये, जेवायला बस." भाकरी, पिठलं, कांदा. आणि लोण्याचा गोळा. मी जेवले. तिने काही विचारलं नाही, फक्त ताटाकडे बघत बसली होती. रिकामं झाल्यावर म्हणाली, "अजून एक वाढू?"

म्हटलं, "अर्धी."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. हा भाग ज्याला गरज आहे असं वाटतंय त्याला पाठवा, पण "तुझ्यासाठीच आहे" असं लिहू नका, नुसता पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि जेवून घ्या.